टॉम हार्मन : मैदानापासून नभोवाणीपर्यंत

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत संतांची, बिशपांची व धर्मगुरूंची चरित्रे वाचावयास मिळावीत, हा शिरस्ता योग्यच आहे. तथापि ज्याने धर्मगुरूचा झगा कधी अंगावर घातला नाही, जो प्रथम चेंडू घेऊन धावला, मग विमान घेऊन लढला आणि अखेरीस ध्वनिक्षेपकापुढे बसून आयुष्यभर बोलत राहिला, अशा एका प्रापंचिक कॅथोलिक गृहस्थाचे चरित्रही आमच्या वाचकांस, विशेषेकरून तरुण मंडळीस, बोधप्रद वाटेल अशा समजुतीने आम्ही ते येथे सादर करीत आहोत. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील विख्यात फुटबॉलपटू टॉम हार्मन होत. त्यांना दिवंगत होऊन आज तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आपल्या देशात त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु एके काळी अमेरिकेत शाळेच्या पोरापासून पांढऱ्या केसांच्या आजोबांपर्यंत ते नाव ठाऊक नसलेला मनुष्य विरळाच सापडला असता.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक खुलासा करणे अवश्य आहे. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा गोल चेंडू व दोन टोकांचे गोल उभे राहतात. अमेरिकेतील लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा आहे. तेथे चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो व तो हातात घेऊन धावता येते, हाताने फेकता येतो, पायाने मारता येतो. दोन्ही पक्षांत अकरा अकरा गडी असतात. मैदान १०० यार्डांचे. आणि प्रतिपक्षाच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे सहा गुण मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. अडविणारे गडी धावणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्यास भुईवर लोळवितात, तेव्हा ह्या खेळात चपळाईइतकीच छातीचीही परीक्षा असते. ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळी एकच गडी चढाईही करी व बचावही करी. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही.

टॉम हार्मन ह्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील रेन्सेलर ह्या लहानशा गावी झाला. लुईस व रोझ मरी हार्मन ह्या दांपत्याच्या सहा अपत्यांपैकी ते शेंडेफळ होते. टॉम पाच वर्षांचा असताना कुटुंब गॅरी ह्या शहरी राहावयास गेले. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे शहर म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचे माहेरघर. आकाश रात्रंदिवस भट्ट्यांच्या धुराने भरलेले, वस्ती कष्टकऱ्यांची, आणि त्यांत युरोपातून पोटासाठी आलेल्या कॅथोलिक कुटुंबांचा भरणा मोठा. अशा ठिकाणी धट्ट्याकट्ट्या मुलास दोनच वाटा दिसत. एक भट्टीकडे जाणारी व दुसरी खेळाच्या मैदानाकडे. टॉमने दुसरी वाट धरली. हॉरेस मान नामक शाळेत तो फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यती ह्या सर्वांत चमकला. आणि १९३७ साली शाळा सोडली तेव्हा खेळातील नैपुण्याबद्दल शाळा देते ती चौदा मानचिन्हे त्याच्या पदरी होती.

त्याच वर्षी तो मिशिगन विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ अ‍ॅन आर्बर ह्या गावी आहे. तेथील फुटबॉल संघाची सूत्रे १९३८ साली फ्रिट्झ क्रायस्लर ह्या नामांकित शिक्षकाने हाती घेतली, आणि त्याच वर्षी टॉम हार्मन पाठीवर ९८ हा क्रमांक लावून प्रथमच विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळावयास उतरला. पुढील तीन मोसमांत ह्या क्रमांकाने सारी अमेरिका दुमदुमून गेली. हार्मन धावत असे, चेंडू फेकीत असे, लाथेने मारीत असे आणि प्रतिपक्षाचा चेंडू मध्येच झेलीतही असे. १९३९ व १९४० अशी दोन वर्षे लागोपाठ महाविद्यालयीन खेळाडूंत देशात सर्वांत अधिक गुण त्यानेच मिळविले. तीन वर्षांत त्याचे एकूण गुण २३७ झाले, आणि त्याने ३३ वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. त्याच्यापूर्वी रेड ग्रेंज नामक खेळाडूने ३१ वेळा हे केले होते व तो विक्रम कोणी मोडील असे लोकांस वाटत नव्हते. योगायोग असा की हा ग्रेंजही पुढे नभोवाणीवर खेळाचे वर्णन करणारा म्हणून प्रसिद्धीस आला.

त्या दिवसांतील एक गमतीची हकीकत सांगण्याजोगी आहे. २८ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे हार्मन एकवीस वर्षांचा झाला त्याच दिवशी, मिशिगनचा सामना कॅलिफोर्नियातील बर्कली येथे होता. प्रारंभीच प्रतिपक्षाने मारलेला चेंडू झेलून तो थेट दुसऱ्या टोकास पोहोचला, आणि त्या दिवशी त्याने अशी मजल चार वेळा मारली. मैदानावरील कोणाच्यानेही तो आवरेना हे पाहून प्रेक्षकांतील एका गृहस्थाचा संयम सुटला. थोडे मद्य पोटात गेलेले हे गृहस्थ कठड्यावरून खाली उतरले व हार्मनला अडविण्यासाठी स्वतःच मैदानात धावत गेले! त्यांच्याही हाती हार्मन लागला नाही. मिशिगनने तो सामना ४१ विरुद्ध ० असा जिंकला.

परंतु कीर्तीच्या ह्या भरतीतही एक ओहोटीची रेषा होती आणि ती झाकून ठेवणे चरित्रकारास शोभणार नाही. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ त्या काळी अतिशय बलाढ्य होता. हार्मन तीन वर्षे त्या संघाशी खेळला व तिन्ही वर्षे मिशिगनला हार खावी लागली. ९ नोव्हेंबर १९४० चा सामना तर पावसात व चिखलात झाला आणि मिशिगन केवळ एका गुणाने, ७ विरुद्ध ६ असा, हरला. चेंडू लाथेने मारून तो एक गुण मिळविण्याची संधी हार्मनलाच लाभली होती व त्याचाच नेम हुकला होता. त्या मोसमात मिशिगनचा संघ हरला तो ह्याच एका सामन्यात. ज्याचे चित्र देशातील मोठमोठ्या साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर झळकत होते त्या तरुणास ओल्या मातीने असा धडा दिला, आणि त्याने तो मुकाट्याने घेतला.

पंधराच दिवसांनी, २३ नोव्हेंबर १९४० रोजी, त्याचा विद्यापीठातर्फे अखेरचा सामना झाला. तो ओहायो राज्य विद्यापीठाशी, त्यांच्याच कोलंबस गावी. मिशिगन व ओहायो ह्यांचे वैर इतके जुने व कडवे की एकमेकांच्या खेळाडूची स्तुती करणे म्हणजे जणू पाप. त्या दिवशी हार्मनने स्वतः तीन वेळा रेषा पार केली, दोनदा सोबत्यास चेंडू फेकून पार करविली, आणि लाथेने आणखी चार गुण मिळविले. मिशिगनने ४० विरुद्ध ० असा विजय मिळविला. खेळ संपण्याच्या सुमारास हार्मन मैदानाबाहेर निघाला तेव्हा जो प्रकार घडला तो त्या मैदानाने क्वचितच पाहिला असेल. ज्यांचा संघ पार धुळीस मिळाला होता ते ओहायोचे हजारो प्रेक्षक उठून उभे राहिले व त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मान, हाइजमन पारितोषिक, त्यास मिळाले. आदल्या वर्षी हाच मान आयोवा विद्यापीठाच्या नाइल किनिक ह्या गुणी तरुणास मिळाला होता व हार्मन दुसरा आला होता. किनिकचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

आता ज्या गोष्टीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते तिच्याकडे येऊ. शिकागो बेअर्स ह्या धंदेवाईक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत हार्मनला देशात पहिल्या क्रमांकाने निवडले. दुसरा कोणी असता तर आनंदाने धावत गेला असता. हार्मन गेला नाही. त्याने विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय व वक्तृत्व ह्यांचा अभ्यास केला होता, आणि नभोवाणीवर खेळाचे वर्णन करावे हा त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा संकल्प होता. त्या वेळी अमेरिकेत नभोवाणी ऐन भरात होती. संध्याकाळी जेवणे आटोपली म्हणजे सारे घर तिच्याभोवती बसे. व ज्या शेतकऱ्याने वा कारखान्यातील मजुराने जन्मात मोठे मैदान पाहिले नाही, तोही आपल्या घरात बसून सामना पाहिल्याचे सुख घेई. हार्मनला ह्या कलेची गोडी लागली होती. १९४१ साली पदवी घेतल्यावर त्याने डेट्रॉइट शहरातील नभोवाणी केंद्रावर काम पत्करले. त्याच वर्षी त्याच्याच जीवनावर निघालेल्या एका बोलपटात त्याने स्वतःची भूमिका केली, आणि आलेल्या पैशातून अ‍ॅन आर्बर येथे आईबापांसाठी घर केले. न्यूयॉर्कच्या एका धंदेवाईक संघातून तो एक सामना खेळला, पण तेवढाच. पाय तरुण आहेत तोवरच पाय थकल्यानंतरच्या कामाची तजवीज ठेवणे, हे एकवीस बावीस वर्षांच्या मुलास सुचावे, हे सामान्य शहाणपण नव्हे.

पण मनुष्य योजितो एक आणि घडते दुसरेच. महायुद्धाचा वणवा अमेरिकेच्या दारापर्यंत आला. १९४१ सालीच हार्मन ह्यांनी सैन्याच्या हवाई दलात नाव नोंदविले व शिक्षण पुरे करून ते वैमानिक झाले. त्यांच्या हाती आलेल्या बाँबफेकी विमानास त्यांनी आपल्या जुन्या क्रमांकावरून नाव दिले होते. मैदानावर ९८ ह्या आकड्याने त्यांस जपले होते; आकाशातही तो जपेल असे त्यांस वाटले असावे.

एप्रिल १९४३ मध्ये हे विमान घेऊन ते सोबत्यांसह दक्षिण अमेरिकेवरून चालले असता गियानाच्या अरण्यावर भयंकर वादळात सापडले. विमान ताब्यात राहीना, आणि त्यातून उड्या टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हार्मन हवाई छत्रीच्या आधाराने झाडांत उतरले. विमान कोसळले. सोबत्यांपैकी एकही जिवंत राहिला नाही.

वाचकांनी क्षणभर ह्या प्रसंगी थांबावे. ज्या अरण्यात हार्मन उतरले ते असे की वरच्या पानांच्या छतातून सूर्य दिसत नाही, पायाखाली दलदल, सभोवार काटेरी वेली, डासांचे थवे, सर्पांचे भय. त्यात ते एकटे चालत राहिले. मैदानावर त्यांच्यापुढे वाट मोकळी करून देणारे दहा गडी असत. येथे वाट करून देणारे कोणी नव्हते, आणि ज्यांनी ती केली असती ते मागे कायमचे राहिले होते. हार्मन धर्मनिष्ठ कॅथोलिक घराण्यातील. लहानपणी शिकलेल्या प्रार्थनाच त्यांस ह्या संकटात शिदोरी म्हणून पुरल्या. अंगी बळ उरले नव्हते तेव्हा तेथील मूळच्या रहिवाशांच्या नजरेस ते पडले. त्या गरीब लोकांस त्यांची कीर्ती ठाऊक नव्हती, हाइजमन पारितोषिक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. संकटात सापडलेला एक मनुष्य त्यांनी पाहिला व त्यास वाचविले. अशा रीतीने डच गियानात, म्हणजे आज ज्यास सुरिनाम म्हणतात त्या देशात, हार्मन पुन्हा माणसांत आले.

दोन महिनेही झाले नसतील तोच वर्तमानपत्रांत दुसरी बातमी आली. २ जून १९४३ रोजी नाइल किनिक ह्याचे आरमारी विमान व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यानजीक समुद्रात उतरले व बुडाले. त्या तरुणाचा देह सापडला नाही. १९३९ चा मानकरी समुद्रतळी गेला आणि १९४० चा मानकरी अरण्यातून परत आला. दोघेही तरुण, दोघेही गुणी, दोघेही शूर. एक का वाचला व दुसरा का नाही, हे मानवी बुद्धीस उलगडणारे कोडे नव्हे. परमेश्वराच्या इच्छेची मापे आपल्या हाती नाहीत. जो वाचला त्याच्या माथ्यावर मात्र मोठे ऋण चढते, एवढे आपण जाणतो.

हार्मन ह्यांना घरी राहता आले असते, कोणी बोल लावला नसता. ते पुन्हा विमानात चढले. ह्या वेळी ते एकट्याने चालवावयाचे लढाऊ विमान घेऊन चीन देशात गेले. जपानने चीनचा मोठा भाग गिळंकृत केला होता, आणि चिनी लोकांच्या साह्यास अमेरिकेचे हवाई दल तेथे लढत होते. ३० ऑक्टोबर १९४३ रोजी यांगत्से नदीवरील कियुकियांग बंदरावर हल्ला करीत असता हार्मन ह्यांच्या विमानावर जपानी विमाने तुटून पडली. गोळे आत शिरले, विमानाने पेट घेतला, त्यांचे पाय व चेहरा भाजला. जळत्या विमानातून ते कसेबसे बाहेर पडले व दुसऱ्यांदा हवाई छत्रीने त्यांस तोलून धरले. छत्री खाली येत असता शत्रूची विमाने घिरट्या घालीत होती. त्या छत्रीच्या रेशमास गोळ्यांची भोके पडली. ती भोके आपणांस पुढे पुन्हा भेटतील.

ते उतरले तो मुलूख शत्रूच्या ताब्यातला. चिनी गनिमी सैनिकांनी त्यांस उचलले, लपविले आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी असे गुप्तपणे पुढे नेले. हे उपकार केवढे होते हे समजण्यास एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आदल्याच वर्षी, १९४२ साली, जपानवर बाँब टाकून आलेल्या अमेरिकन वैमानिकांस चिनी खेडुतांनी आश्रय दिला होता, आणि त्याचा सूड म्हणून जपानी सैन्याने चेकियांग व कियांग्सी ह्या प्रांतांत गावेच्या गावे जाळून हजारो निरपराध लोकांची कत्तल केली होती. कियुकियांग हे त्याच कियांग्सी प्रांतातले. तेव्हा परक्या वैमानिकास लपविण्याची किंमत काय पडते हे त्या लोकांस पुरते ठाऊक होते. असे असूनही त्यांनी हार्मन ह्यांस वाऱ्यावर सोडले नाही. बत्तीस दिवसांनी ते आपल्या तळावर जिवंत पोहोचले. शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञा आपण नित्य ऐकतो. ज्यांच्या कानी ती कदाचित कधी पडलीही नसेल त्यांनी ती अशी पाळली. वाचकांनी ह्यावर आपापल्या मनाशी विचार करावा.

सरकारने हार्मन ह्यांस रौप्य तारा व जखमी वीरांस देण्यात येणारे जांभळे हृदय ही दोन पदके देऊन गौरविले. १९४४ साली त्यांनी ह्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. वैमानिकही प्रार्थना करतात, असे सांगणारे त्याचे नावच ग्रंथकर्त्याच्या मनाची साक्ष देते. शौर्याच्या कथा लिहिणारे पुष्कळ असतात. आपण भ्यालो होतो व भीतीच्या वेळी देवाचा धावा केला, असे देशाचा लाडका वीर असताना लिहिण्यास निराळे धैर्य लागते.

२६ ऑगस्ट १९४४ रोजी अ‍ॅन आर्बर येथील पवित्र मरियेच्या नावाच्या विद्यार्थी मंदिरात हार्मन ह्यांचा विवाहसंस्कार झाला. वधू एलिस नॉक्स ही चित्रपटांत काम करणारी सुविद्य व रूपवती तरुणी होती. तिला कोणताही उंची पोशाख मिळाला असता. परंतु ज्या रेशमी छत्रीने तिच्या भावी पतीचे प्राण वाचविले होते, त्या छत्रीच्याच पांढऱ्या रेशमाचा झगा तिने शिवून घेतला. शत्रूच्या गोळ्यांनी ज्याची चाळण केली होती तेच रेशीम अंगावर घालून ती वेदीपुढे उभी राहिली. लग्नाच्या दिवशी वस्त्राची किंमत विचारण्याची चाल आपल्यातही आहे. ह्या वस्त्राची किंमत करू शकेल असा व्यापारी कोठे सापडला असता!

युद्ध संपल्यावर हार्मन १९४६ व १९४७ अशी दोन वर्षे लॉस एंजेलिस येथील रॅम्स ह्या धंदेवाईक संघातून खेळले. १९४६ मध्ये एकदा चेंडू घेऊन ते ८४ यार्ड धावले. साऱ्या मोसमात धंदेवाईक संघांच्या त्या लीगमध्ये इतकी लांब धाव दुसऱ्या कोणाची झाली नाही. तथापि हा दिव्याचा शेवटचा भडका होता. भाजलेल्या व जखमी पायांत पूर्वीचे वारे उरले नव्हते. ज्या पायांसाठी कोलंबसचे शत्रूही उभे राहिले होते, ते पाय युद्धाने हिरावून नेले. त्यांचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस. अशा वेळी कित्येक खेळाडू कडू होतात. जुन्या टाळ्यांच्या आठवणीवर दिवस काढतात. व्यसनांच्या हवाली होतात. हार्मन ह्यांच्यापाशी दुसरी विद्या तयार होती. सहा वर्षांपूर्वी ज्या कामासाठी त्यांनी शिकागोची निवड नाकारली होती, त्याच कामाकडे ते परतले.

आज एखादा खेळाडू खेळ सोडून निवेदक झाला तर कोणास नवल वाटत नाही. त्या काळी मात्र ध्वनिक्षेपक हा कसलेल्या वक्त्यांचा प्रांत समजला जाई. खेळाडूने खेळावे व बोलणाऱ्याने बोलावे, अशी वाटणी होती. मैदान सोडून त्या प्रांतात गेलेल्या पहिल्या काही नामांकित खेळाडूंत हार्मन ह्यांची गणना होते. १९४८ पासून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबिया नभोवाणी जाळ्याचे क्रीडाविभाग प्रमुख होते. पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या केंद्रावर ते संध्याकाळच्या बातम्यांत खेळाचे वृत्त देऊ लागले. १९६१ नंतर त्यांनी स्वतःची संस्था काढून देशभर ऐकू जाणारा दैनिक क्रीडावृत्ताचा कार्यक्रम चालविला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेच्या फुटबॉल सामन्यांचे वर्णनही त्यांनी कैक वर्षे केले. अशी ही चाकरी चाळीस वर्षांच्या घरात गेली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधील एकेक डाव चार सहा सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात बावीस गड्यांच्या गर्दीतून चेंडू कोणाच्या हाती गेला, कोणी वाट करून दिली, कोणी अडविले, किती यार्ड मिळाले व हा कितवा प्रयत्न, हे सर्व पाहून ऐकणाऱ्यापुढे ठेवावे लागते. मग क्षणभर उसंत मिळते. तीत झालेल्या डावाचे मर्म सांगावे आणि पुढच्या डावाची अपेक्षा जागवावी, तोच खेळ पुन्हा सुरू होतो. नभोवाणीवर तर बोलणाऱ्याचे शब्द हेच ऐकणाऱ्याचे डोळे. अंथरुणाला खिळलेला रोगी, दृष्टीहीन मनुष्य, रात्रपाळीस निघालेला कामकरी, ह्यांच्यापुढे सारे मैदान केवळ वाणीने उभे करावयाचे असते. तेथे मनुष्याने स्वतःची फुशारकी मारून भागत नाही. त्याने स्वतः बाजूस सरून दुसऱ्याचा पराक्रम पुढे करावा लागतो. एके काळी ज्याच्या नावाचा गजर होत होता, त्याने उरलेले आयुष्य दुसऱ्यांची नावे उच्चारण्यात घालविले. ह्यात आम्हांस त्यांच्या ८४ यार्डांच्या धावेपेक्षाही मोठी मजल दिसते.

त्यांचा प्रपंच सुखाचा झाला. क्रिस्टिन व केली ह्या दोन मुली आणि मार्क हा मुलगा, अशी तीन अपत्ये त्यांना झाली. मार्क हा १९७२ व १९७३ साली लॉस एंजेलिसच्या त्याच विद्यापीठ संघात चढाईची सूत्रे हलविणाऱ्या मुख्य गड्याच्या जागी खेळला. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याच्या संघाने, आदली दोन वर्षे देशात अजिंक्य ठरलेल्या नेब्रास्काच्या संघास हरवून सर्वांस चकित केले. हाच मार्क हार्मन पुढे अभिनेता म्हणून नावारूपास आला. पतिपत्नीचा संसार पंचेचाळीस वर्षे टिकला. चित्रपटांच्या त्या नगरीत, जेथे विवाह मोडणे ही नित्याची गोष्ट, तेथे छत्रीच्या रेशमात बांधलेली ती गाठ मृत्यूनेच सोडविली.

१९५४ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात हार्मन ह्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले, आणि मिशिगन विद्यापीठाने ९८ हा क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ राखून ठेवला. उतारवयात ते गोल्फ खेळत. १५ मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिस येथे गोल्फचा एक सामना जिंकल्यावर हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचे देहावसान झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ७० वर्षांचे होते. एलिसबाई त्यांच्यामागे बरीच वर्षे होत्या. २०१२ साली त्याही प्रभुचरणी गेल्या.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? तरुणांनी खेळू नये असे आम्ही म्हणणार नाही. निरोगी शरीर ही देवाची देणगी आहे आणि मैदान हे शिस्तीचे उत्तम विद्यालय आहे. पण देणगी ही उसनवारीची असते. टॉम हार्मन ह्यांनी पाय जोरात असतानाच वाणी कमावून ठेवली, म्हणून पाय गेल्यावर त्यांचे घर उघडे पडले नाही. ज्या मुलास आज चेंडूचे वेड आहे त्याने पुस्तकही हाताळावे, एखादी कारागिरी शिकावी, चार माणसांत नीट बोलावयास शिकावे; आणि आईबापांनी त्याच्या खेळाची टिंगल न करता त्यास हे दुसरे साधनही मिळवून द्यावे.

दुसरी गोष्ट ह्याहून खोल आहे. हार्मन ह्यांचे आयुष्य कोणी कोणी वाचविले ह्याची मोजणी केली तर तीत कोणी मोठा मनुष्य येत नाही. अरण्यातील अनामिक रहिवासी, चीनमधील अनामिक शेतकरी व सैनिक, आणि ज्या कोण्या हातांनी ती रेशमी छत्री शिवली व नीट घडी घालून ठेवली ते हात. ह्यांपैकी कोणाच्याही नावे कीर्तिमंदिरात पाटी नाही. आपणांपैकी प्रत्येकाचे आयुष्य अशाच अनामिक हातांनी सावरलेले असते. त्यांचे ऋण फेडण्यास ते बहुधा सापडत नाहीत. सापडतो तो आपल्या दारी आलेला दुसराच कोणी गरजवंत. ते ऋण त्याच्याच पदरात घालावयाचे असते. टॉम हार्मन ह्यांच्या आत्म्यास, अरण्यात राहिलेल्या त्यांच्या सोबत्यांस, समुद्रात विसावलेल्या नाइल किनिक ह्यास, आणि ज्यांची नावे केवळ परमेश्वरास ठाऊक आहेत त्या सर्व उपकारकर्त्यांस प्रभू चिरशांती देवो.